कन्हानचे पाणी : घनफुटांत आणि घनमीटरांत

सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना रामाकोना लागते. तेथे कन्हान नदीवर केंद्रीय जल आयोगाचे प्रवाहमापन केंद्र आहे. पात्राचा छेद आणि पाण्याचा वेग यांवरून सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहते, हे तेथे काढले जाते. श्रोत्यांनी उदाहरणादाखल समजावे, की पुरात हा आकडा एक हजार आहे. दिवसाचे सेकंद 86,400. तसाच पूर दिवसभर टिकला तर 8 कोटी 64 लक्ष घनमीटर पाणी वाहून गेले. शून्यांचा घोळ नको म्हणून त्यास 86.4 दशलक्ष घनमीटर, संक्षेपाने ‘दलघमी’, म्हणतात.

परंतु राज्याराज्यांतील वाटणी बहुधा टी.एम.सी.मध्ये, म्हणजे हजार दशलक्ष घनफुटांत होते. याच कन्हानला पुढे नागपूर जिल्ह्यात पेंच मिळते. त्या पेंचेच्या पाण्यापैकी 1964 सालच्या करारान्वये मध्य प्रदेशास 35 व महाराष्ट्रास 30 टी.एम.सी. ठरले. दशमान मापे 1958 पासूनच रूढ होऊ लागली होती. पाण्याने मात्र फूट सोडला नाही!

एक फूट म्हणजे 0.3048 मीटर, हे विद्यार्थ्याला पाठ असते. घनफुटालाही तो तेवढ्यानेच गुणतो आणि पाणी जवळजवळ अकरापट फुगते. लांबी, रुंदी व खोली, तिन्ही बदलतात, म्हणून 0.3048 ला त्यानेच दोनदा गुणावे लागते. उत्तर 0.0283168. यावरून एक टी.एम.सी. म्हणजे 28.3168 दलघमी.

ही ढोबळ चूक निदान लवकर सापडते. अधिक फसवी ती सोयीसाठी 28 धरण्याची. महाराष्ट्राचे 30 टी.एम.सी. खऱ्या हिशेबाने 849.5 दलघमी होतात. 28 ने गुणल्यास 840. साडेनऊ दलघमी कागदावरच आटले. ते सुमारे 950 कोटी लिटर भरतात. माणशी रोज 135 लिटर या शहरी प्रमाणाने एक लक्ष नव्वद हजारांहून अधिक माणसांचे ते वर्षभराचे पाणी होय. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्याला अपूर्णांकाची ही किंमत निराळी सांगावयास नको.

उलट जाताना 28.3168 ने भागावे. रामाकोन्याचा तो कल्पित पूर, 86.4 दलघमी, भागून पाहिला तर 3.05 टी.एम.सी. येतो, पेंचेतील महाराष्ट्राच्या वाट्याच्या सुमारे एकदशांश, तोही एका दिवसात.