चोवीस तास इंटरनेट आणि शेतकऱ्याचे काम

(किल्लारी येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोबाईलवर इंटरनेट चोवीस तास चालू असण्याचे फायदे कोणते व तोटे कोणते, हा आजचा विषय आहे. किल्लारीत हा विषय मांडायचा तर ३० सप्टेंबर १९९३ पासूनच सुरुवात करावी लागते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून माणसे नुकतीच झोपली होती. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या काळी खेड्यात टेलिफोन असलाच तर एखाददुसरा. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आपल्या देशात आले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ ला. परगावी नोकरीला असलेल्या मुलाला आईवडील वाचले की नाही हे कळायला गाडी धरून गावीच यावे लागे. आज तसा निरोप काही मिनिटांत पोहोचेल, अर्थात टॉवर उभा राहिला आणि त्याला वीज असली तर. या गावाला फोनचे मोल वेगळे सांगायला नको.

पण याच फोनवरून भीतीही तितक्याच वेगाने येते. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी येथे जमिनीखालून आवाज येऊ लागले. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला व तो नांदेड-परभणीतही जाणवला. अशा दिवसांत "आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का बसणार" असा संदेश आला, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगण्याचे शास्त्र जगात कोणाकडेही नाही. त्यामुळे वेळ सांगणारा संदेश कोणत्याही संस्थेच्या नावाने आला तरी तो खोटाच असतो. तो पुढे पाठवू नका. ज्यांनी १९९३ पाहिले आहे, ती म्हातारी माणसे असा एक संदेश ऐकून पावसापाण्यात अंगणात रात्र काढतात.

आता शेतीकडे येऊ. हवामानाच्या बाबतीत फायदा मोठा आहे. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी व शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो व तो फोनवर मिळतो. 'दामिनी' हे ॲप परिसरात वीज पडण्याचा धोका असल्याची सूचना देते. मराठवाड्यात दरवर्षी शेतात वीज पडून माणसे व जनावरे मरतात, तेव्हा एवढ्या एका कामासाठीसुद्धा फोन जवळ असावा.

मात्र मृगाच्या सुमारास फोनवर अंदाजांचा पाऊस पडतो. एक म्हणतो उद्या धो-धो, दुसरा म्हणतो पंधरा दिवस उघडीप. दिवसातून वीस वेळा फोन बघणारा शेतकरी शेवटी शेजाऱ्याने तिफण जुंपली म्हणून पेरतो. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर व जमिनीत पुरेशी ओल असतानाच करावी, ही शिफारस तुम्हाला माहीत आहे. ओल किती खोल गेली हे कुदळीने ढेकूळ उकरून कळते. ते फोनवर दिसत नाही, आणि दुबार पेरणीचे बियाणे, खत व मजुरी अंदाज सांगणारा भरून देत नाही.

कीड-रोगांचे असेच आहे. २०२२ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात गोगलगायींनी सोयाबीनची रोपे कुरतडून टाकली. तेव्हा फोटो एका गावातून दुसऱ्या गावात गेले, शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचले आणि उपायही कळले: गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे ठेवून सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचणे, त्या मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकणे, बांधाकडेला मेटाल्डिहाईडच्या गोळ्या टाकून जनावरे दूर ठेवणे. पूर्वी एवढी माहिती पोहोचेपर्यंत पीक गेले असते.

पुढच्याच वर्षी, २०२३ ला, सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. इथे नुसत्या फोटोवर भागत नाही. लोह कमी पडले तर कोवळे पान शिरांच्या मध्ये पिवळे होते व शिरा हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये पानावर पिवळे-हिरवे चट्टे अस्ताव्यस्त पसरतात. फोटो अंधुक असला की दोन्ही सारखेच दिसतात. मोझॅक हा विषाणूचा रोग, पांढऱ्या माशीतून पसरणारा. रोगट झाड बरे करणारे औषध नाही. झाड सुरुवातीलाच उपटून नष्ट करावे व माशीचा बंदोबस्त करावा. तरीही "तीन दिवसांत पीक हिरवेगार" असे सांगून बाटली विकणारे फोनवर भेटतात. सल्ला देणाराच माल विकत असेल तर तो सल्ला नव्हे, जाहिरात समजावी.

बाजारभावाचे एक उदाहरण देतो. २०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेले. पुढच्या हंगामांत तोच आकडा पुन्हा येईल या आशेवर अनेकांनी माल घरात ठेवला, आणि भाव उतरत गेला. शिकागोचा भाव, ब्राझीलचे पीक, पामतेलाचा दर हे सर्व आता हातात दिसते. आपल्या पोत्यातला ओलावा मात्र दिसत नाही, आणि खरेदी केंद्रावर पहिला प्रश्न त्याचाच येतो. तेव्हा भाव जरूर पाहा, पण लातूरचा पाहा, विक्रीच्या आठवड्यात रोज एकदा पाहा, आणि बँकेच्या हप्त्याची तारीख जवळ ठेवून पाहा.

सिमकार्ड घातलेला मोटार स्टार्टर अनेकांनी बसवला आहे. रात्री वीज आली की घरबसल्या मोटार चालू होते, विंचू-सापाचे भय टळते. चांगलीच सोय आहे. पण त्यामुळे शेतातली फेरी सुटली. पाइप फुटून पाणी ओढ्याला गेले तरी फोन "मोटार चालू" एवढेच सांगतो. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे ही फेरी सोडून चालणार नाही.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. "पीएम किसानची यादी", "विम्याची रक्कम" अशा नावाने एपीके फाईल आली तर उघडू नये. तिच्यातून फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो व खाते रिकामे होते. आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम अडवता येण्याची शक्यता असते.

ज्यांच्याकडे इंटरनेटचा फोन नाही त्यांनीही काळजी करू नये. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक साध्या बटणाच्या फोनवरूनही लागतो, पैसे पडत नाहीत आणि उत्तर मराठीत मिळते. सकाळी सहा ते रात्री दहा अशी त्याची वेळ आहे. विचारताना पिकाचे वाण, पेरणीची तारीख व आधी काय फवारले हे लिहून जवळ ठेवावे. आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी पाने, शेंगा आणल्या असतील त्यांनी पुढे यावे.