फिरता दवाखाना आणि आपले खळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला उखाणा घ्यायचा म्हटले तरी मी दोनदा अडखळते. परंतु कुत्र्यांच्या नसबंदीची गाडी गावात आणण्यासाठी मंडळाने गेली दोन वर्षे जी धावपळ केली, तिचा हिशेब मीच द्यावा असे कार्यकारिणीने ठरविले. हिशेब म्हटला की जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडावी लागते. ती मी आज मांडणार आहे, आणि त्यात माझी एक चूक आहे.

हा विषय सभेत प्रथम निघाला तेव्हाची गोष्ट आपल्याला आठवत असेल. "बालवाडीचे छप्पर गळते आहे, आणि आपण कुत्र्यांची ऑपरेशने करायची का?" असे एका काकूंनी विचारले. दुसऱ्या एकीने विचारले, "मुक्या जिवाचे आईपण काढून घेणे हे पाप नव्हे का?" दोन्ही प्रश्न मनापासूनचे होते. दुसऱ्याला मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, सुमारे 63 दिवसांनी व्यायते, आणि एका वेळी चार-सहा पिल्ले होतात. पुढे ती पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या वाटेवर नेऊन सोडण्याचे काम कोण करते? बहुधा आपणच, नाहीतर आपण पोराला सांगतो. काही पावसात जातात, काही मोटारीखाली. हे आईपण मी माझ्या खळ्यात पुष्कळ वर्षे पाहिले आहे.

आता गाडीच का, हे सांगते. गाय-म्हैस आजारी पडली तर 1962 या क्रमांकावर फोन करता येतो, आणि सरकारचे फिरते पशुवैद्यकीय पथक येते. एक लाख जनावरांमागे एक गाडी असा त्या योजनेचा हिशेब आहे. पण ती योजना मुख्यतः दुभत्या आणि शेतीच्या जनावरांची. कुत्रीची शस्त्रक्रिया म्हणजे पोट उघडून बीजकोश व गर्भाशय काढणे. त्याला भूल लागते, निर्जंतुक हत्यारे लागतात, चांगला उजेड लागतो. ही सोय शहरात. कुत्रीला एस. टी.त कोणी घेत नाही, आणि रिक्षाचे भाडे व बुडालेली मजुरी धरली तर वाडीवरच्या बाईला ते कधीच परवडत नाही. तेव्हा टेबल, दिवे आणि डॉक्टर यांनीच आपल्याकडे यायला हवे.

आपल्याला या कामाची उमेद मिळाली ती पत्रादेवीच्या नाक्यापलीकडून. गोव्यात 2013 नंतर 'मिशन रेबीज'ने सरकारच्या साहाय्याने गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचण्याचे काम धरले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, हे त्यामागचे गणित. शाळांतून मुलांना शिकविले. 2018 आणि 2019 या दोन वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद झाली नाही, आणि 2021 मध्ये गोवा 'रेबीज-नियंत्रित' जाहीर झाला. कुत्र्यांना मात्र नाका कळत नाही. ती इकडून तिकडे जातात. आपल्या बाजूला काही न करता बसणे मला तरी शोभण्यासारखे वाटले नाही.

कोणीही डॉक्टर आणून हे काम करता येत नाही, हेही आपण शिकलो. 2023 च्या नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची जबाबदारी ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेची, आणि शस्त्रक्रिया करणारी संस्था प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेली लागते. ठराव करून घेण्यासाठी आपल्या तिघीजणी पंचायतीत किती वेळा गेल्या ते त्यांच्या चपलांना विचारावे.

पहिली गाडी आली ती नेमकी लावणीच्या तोंडावर. यादीत सतरा नावे, आली नऊ कुत्री. बाकीची गाडीचा आवाज ऐकूनच माडांत पसार झाली. वरच्या वाडीतल्या एक मावशी मात्र आपल्या कुत्रीला सुंभाने बांधून, पाऊण तास चालत आल्या. डॉक्टरांनी विचारले, "सकाळी काही खायला घातले का?" मावशी कौतुकाने म्हणाल्या, "पहाटे पेज घातली. एवढे चालायचे तिला!"

भुलेत उलटी झाली तर अन्न फुप्फुसात जाते, म्हणून आदल्या रात्रीपासून कुत्री उपाशी हवी. ही सूचना मी पंचायतीच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिली होती. वरच्या वाडीवरून फळा दिसत नाही, आणि मावशींना वाचता येत नाही. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. डॉक्टरांनी कुत्री परत पाठविली. निदान रेबीजची लस तरी त्या दिवशी टोचून घ्यावी, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

पुढची गाडी आठ महिन्यांनी आली. मध्यंतरी कुत्री व्याली, आणि पिल्लांजवळ गेलेल्या शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाच्या पोटरीला चावली. जखमेवर हळद-चुना दाबला होता. मी पोचल्यावर तो धुऊन काढला आणि नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे पाय धरून ठेवला. मूल रडत होते, त्याची आई माझ्याकडे पाहत होती. त्याच दिवशी रुग्णालयात इंजेक्शने सुरू झाली. कुत्रीवर दहा दिवस नजर ठेवा, असे सांगितले गेले. ते दहा दिवस मी रोज सकाळी चहाआधी वरच्या वाडीला जात असे. तिने पाणी प्यायले की मला घरी येऊन घास गिळवे. अकराव्या दिवशीही ती धडधाकट होती. मुलाची इंजेक्शने पुरी झाली, तो आता शाळेत जातो, आणि मला पाहिले की पाय लपवतो.

दुसऱ्या वेळी आपण फळा सोडून दिला. आदल्या संध्याकाळी दोघी-दोघींनी घरोघर जाऊन सांगितले, आणि भाकरीची टोपली उंच टांगून ठेवविली. गाडीत शस्त्रक्रिया होते, पण नंतरची चार-पाच दिवसांची देखभाल गाडीत होत नाही. टाके चाटू द्यायचे नाहीत, भिजू द्यायचे नाहीत. त्यासाठी मंडळाची पडवी आणि सहा सभासदांची खळी कामी आली. छपराचा प्रश्न विचारणाऱ्या काकूंनीच रात्रीची पाळी घेतली. बरी झालेली कुत्री कानाच्या खुणेसह जिथली तिथेच सोडली. पुष्कळांनी विचारले, लांब का सोडत नाही? नियमांत ते बसत नाही, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी, लस न टोचलेली कुत्री येऊन बसतात.

पुढची गाडी लावणी आटोपल्यावर बोलावली आहे. जुनी चादरी, पत्र्याचे डबे आणि आणखी तीन खळी हवी आहेत. नावे सभेनंतर माझ्याकडे द्यावीत. यादीत पहिले नाव वरच्या वाडीतल्या मावशींच्या कुत्रीचे आहे. दुसऱ्या गाडीच्या वेळी ती पिल्लांना पाजत होती, म्हणून डॉक्टरांनी लस टोचून तिला पुढची तारीख दिली. आदल्या रात्री मी त्यांच्याकडेच झोपायला जाणार आहे.