उबेमागचा धोका : शेगडी, बंब आणि गीझर यांची तपासणी



खानदेश ओळखला जातो तो उन्हाळ्यासाठी. परंतु येथील थंडीही कमी कडक नाही. उत्तरेकडील वारे सुरू झाले, की धुळ्याचा पारा काही वर्षी ५ ते ६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि जळगावच्या केळीबागांत रात्री शेकोट्या पेटतात. बागेतील धूर मोकळ्यावर विरून जातो. घरातील मात्र चार भिंतींत कोंडतो.

बाळंतिणीच्या खोलीचेच उदाहरण घ्यावे. दारे-खिडक्या लावून, फटी बुजवून निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची रीत जुनी आहे. हेतू मायेचा असतो. पण जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने जखडतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्यास तेवढीही सूचना मिळत नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज म्हणूनच जीवघेणा ठरतो. शेगडी पेटती असेल तेथे हवा खेळती ठेवावी आणि निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर न्यावी.

बंद न्हाणीघरातील बंब व गॅस गीझर यांपासूनही हेच भय असते. बंब मोकळ्या जागी पेटवावा. गीझर न्हाणीघराबाहेर, वारा वाहता असेल अशा ठिकाणी बसवून घ्यावा. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरू लागली, तर जाणत्या कारागिराकडून बर्नर तपासून घ्यावा. रबरी नळीवर छापलेली मुदत पाहावी. सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे असे समजावे. काडी ओढून गळती कदापि शोधू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. पाणी तापविण्याची विजेची कांडी वापरताना बटण बंद करून व प्लग काढूनच पाण्यात हात घालावा.

दिवाळीपूर्वी घरोघरी झाडलोट होते. त्याच दिवशी अर्धा तास या तपासणीस द्यावा. थंडी त्यानंतरच येते. घराला ऊब हवीच. पण त्या उबेत निजलेले प्रत्येक माणूस सकाळी सुखरूप उठले पाहिजे.