मुलांचे विषय आणि आपण आया
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



'दहावीनंतर मुलांनी विषय कोणते घ्यावेत' यावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मला हसूच आले. मी शिकले सातवीपर्यंत. आमच्या गावची शाळाच तेवढी होती. पुढची शाळा दोन कोसांवर, आणि मुलीला एकटीला कोण धाडणार? त्यामुळे विषय निवडण्याचा प्रश्न माझ्यापुढे कधी आलाच नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही एकदा चुकलात आणि एकदा सावरलात, तेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

माझा थोरला मुलगा २०१८ साली दहावी झाला. ८४ टक्के गुण पडले. घरात पेढे आले, शेजारीपाजारी येऊन गेले, आणि जो येई तो एकच म्हणे, "८४ टक्के म्हणजे आता सायन्सच!" मुलगा हळूच म्हणाला, "आई, मला आयटीआयमध्ये वीजतंत्रीचे काम शिकायचे आहे." घरातली बिघडलेली इस्त्री, पंखा तोच दुरुस्त करी. पण मी त्याच्यावर ओरडले, "एवढे गुण मिळवून हातात पाना-पक्कड घेणार? लोक काय म्हणतील?" ह्यांचे म्हणणे होते की पोराला विचारून घ्यावे. मी त्यांनाही बोलू दिले नाही. माझ्या पाटल्या मोडल्या आणि क्लासची फी भरली.

२०२० साली तो बारावीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन विषयांत नापास झाला. त्या साली सारी माणसे घरातच कोंडलेली. पोरगा कोणाशी बोलेना, ताटावर बसला तरी मान वर करीना. एके रात्री रेशनकार्ड शोधताना ट्रंकेत त्याची दहावीची गुणपत्रिका हाती लागली. दोन वर्षांत मी तिच्यावरचा एक टक्क्यांचा आकडाच पाहिला होता. त्या रात्री पहिल्यांदा एकेक ओळ वाचली.

विषय सहा होते आणि बेरीज मात्र ५०० पैकी लिहिलेली. वाण्याचा हिशोब तपासायची मला सवय, त्यामुळे हा मेळ बसेना. बोटांवर बेरीज केली. पाच विषयांचे ४२० भरले. राहिलेला सहावा विषय विज्ञान, गुण ५९. म्हणजे ज्या ८४ टक्क्यांच्या जोरावर मी त्याला विज्ञानाला घातले, त्या ८४ मध्ये विज्ञानाचा एक गुणसुद्धा धरलेला नव्हता!

मैत्रिणींनो, यात मंडळाचा, म्हणजे परीक्षा मंडळाचा, काही दोष नाही. सहापैकी ज्या पाच विषयांत अधिक गुण, त्यांचीच टक्केवारी धरतात. मुलांना त्याचा आधारच होतो. दोष माझा, की मी कागद पुरता वाचला नाही. मुलगा पुढे आयटीआयला गेला, दोन वर्षांचा अभ्यासक्रम नीट पुरा केला, आज स्वतःच्या पायावर उभा आहे. पण मध्यंतरी एकदा म्हणाला, "आई, ती दोन वर्षे मला वाटायचे की मी मठ्ठच आहे." पाटल्या गेल्याचे दुःख मी कधीच विसरले. हे वाक्य मात्र विसरता येत नाही.

धाकटी मुलगी २०२५ साली दहावी झाली. त्या वर्षापासून साऱ्या राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, त्यामुळे फॉर्म भरायची घाई. पुन्हा घरात तेच सुरू झाले, सायन्स, सायन्स. या खेपेस मी म्हटले, आधी पोरीची गुणपत्रिका आणि वह्या जमिनीवर मांडा. मला त्यातले शिकवता येत नाही, पण पाहता तर येते! मी तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, न सांगता ती कोणती वही उघडते? आमच्या बचत गटाचा हिशोब वर्षभर तीच लिहीत होती. पैशाची चूक सापडेपर्यंत जेवायला उठत नसे. तिलाही कॉमर्सच हवे होते. ते ठरले.

दुसरी, जो विषय नको म्हणते तो का नको? कॉमर्सला गणित घ्या, नाहीतर चिटणिसाची कार्यपद्धती घ्या, असे कॉलेजात सांगितले. ती म्हणाली, "गणित नको." मी विचारले, "का ग?" आधी बोलेना. मग कळले, भूमितीच्या प्रमेयांची धास्ती होती, आणि जिवलग मैत्रीण दुसरा विषय घेणार होती. व्याज आणि टक्के तर ती तोंडी करते! कॉमर्सच्या गणिताचे पुस्तक सायन्सच्या गणिताहून वेगळे असते. शेजारच्या मुलीकडून ते चार दिवसांसाठी मागून आणले आणि म्हटले, "उदाहरणे करून बघ, मग बोल."

तिसरी, सोडलेल्या विषयाने पुढची कोणती वाट बंद होते? डॉक्टर व्हायचे तर जीवशास्त्र हवे, इंजिनिअर व्हायचे तर गणित हवे. सी.ए. ची पहिली परीक्षा बारावी झालेला कोणीही देऊ शकतो, पण तीत गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर असतोच. विषय सोडायला एक सही पुरते. पुन्हा धरायचा तर वर्ष जाते. मुलांना हे माहीत नसते, आणि आपणही चौकशी करत नाही. कॉलेजात जाऊन मास्तरांना विचारायला मला फार संकोच वाटत होता. पण त्यांनी नीट बसवून सांगितले. सातवी शिकलेल्या बाईने विचारले म्हणून कोणी हसले नाही.

एवढे करून निर्णय मी तिच्यावर सोडला. चौथ्या दिवशी तिने गणित लिहून टाकले. पहिल्या चाचणीत गुण कमीच पडले. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, पण मी गिळला. तीच म्हणाली, "आई, विषय मी घेतला आहे, मीच निस्तरीन." थोरल्याला असे म्हणता आले नाही, कारण तो विषय त्याचा नव्हता, माझा होता.

सायन्स वाईट असे मी म्हणत नाही. ज्याला त्याची ओढ आहे त्याने खुशाल घ्यावे. शेवटी एकच विनंती करते. ज्यांची मुले अकरावी-बारावी होऊन गेली, त्यांनी जुनी पुस्तके रद्दीत न देता मंडळाच्या कपाटात आणून ठेवावीत. दहावीच्या मुलांना चार चार दिवस चाळायला मिळतील. आणि निकालाच्या दिवशी पेढा तोंडात टाकण्याआधी गुणपत्रिकेच्या साऱ्या ओळी वाचाव्यात, मुलाला शेजारी बसवून.