दूरच्या नोंदवहीत भर

सुरतेच्या इंग्रज वखारीतील कारकुनाचे काम मोठे किचकट असे. लंडनला जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नक्कल वखारीच्या वहीत उतरवून घ्यावयाची आणि मगच अस्सल पत्र रवाना करावयाचे. जहाज बुडण्याचे भय असल्याने त्याच पत्राची दुसरी प्रत निराळ्या जहाजाने पाठविण्याचा प्रघात होता. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर केलेल्या स्वारीची इंग्रजी हकीकत अशाच पत्रांतून विलायतेस पोचली. एका मजकुराच्या दोन प्रती हाती आल्या, तरी तारीख पाहून वाचणाऱ्यास उमज पडे.

आपल्या संगणकावरील मजकूर दूरच्या सर्व्हरवरील फाईलच्या शेवटी जोडावयाचा, तर प्रश्न तोच. यंत्रास मात्र अशी उमज नसते. फाईल नुसती पाठविली, तर त्याच नावाची तेथील जुनी फाईल सामान्यतः नाहीशी होते. वर्षाची वही जाऊन एका दिवसाचे पान उरावे, तसा हा प्रकार! फाईल-वहनाचे पहिले नियम 1971 मध्ये अभय भूषण यांनी लिहिले. ते कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर, ही आपल्याकडे फारशी ठाऊक नसलेली गोष्ट. पुढे 1985 च्या नियमावलीत ‘पाठविणे’ आणि ‘शेवटी जोडणे’ यांसाठी स्वतंत्र आज्ञा आहेत.

आज या कामी बहुधा एसएसएच वापरतात. ही प्रणाली 1995 मध्ये फिनलंडमध्ये तयार झाली. ‘कॅट’ या आज्ञेने येथील मजकूर वाचला जातो, तो पलीकडे जातो आणि तेथे >> या दुहेरी चिन्हाने फाईलच्या शेवटी लिहिला जातो. चिन्ह एकेरी पडले, की जुना मजकूर पुसलाच म्हणून समजावे. पलीकडे चालवावयाची आज्ञा अवतरणचिन्हांत घातली नाही, तर ते चिन्ह येथेच लागू होते. मजकूर जाऊन परत येतो, आपल्याच संगणकावर साठतो आणि कर्मचारी निश्चिंत राहतो.

मध्येच संपर्क तुटला, तर याहून बिकट. अर्धा मजकूर पोचलेला असतो. तो पुन्हा पाठविला, की तोच भाग दोनदा नोंदला जातो. जमाखर्चाच्या किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदीत ही पुनरुक्ती कोणाच्या तरी हक्कावर येते. यास्तव मजकूर प्रथम सर्व्हरवर वेगळ्या नावाने ठेवावा, तो पूर्ण आल्याची आकाराने खात्री करावी, मूळ फाईलमधील अखेरचा नोंद-क्रमांक पाहावा आणि मगच जोडणी तेथल्या तेथे करावी.