पाती आणि परके

अल्पसंख्य समाजांनी एकमेकांच्या पाठीशी उभे राहावे काय, असा विषय निघाला की 'येथे आधी कोण आले' हा प्रश्न हमखास पुढे येतो, आणि त्याचे उत्तर किती निसरडे असते हे माळव्यातील धार आणि देवास या नगरांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी फौजांबरोबर नर्मदा ओलांडून आलेल्या पवारांनी धारला एक आणि देवासला दोन राज्ये उभारली; तुकोजी व जिवाजी या बंधूंच्या शाखांना थोरली पाती आणि धाकटी पाती असे म्हटले जाई. पाती म्हणजे वाटा. एकाच गावात दोन राजे नांदावेत, ही व्यवस्था परक्या पाहुण्यांना नेहमीच गमतीची वाटत आली. पवार घराणे आपली वंशावळ धारच्या परमारांशी, म्हणजे राजा भोजाच्या कुळाशी जोडत असल्यामुळे दक्षिणेतून तलवार घेऊन आलेला हा समाज स्वतःला परका न समजता परतलेला समजू शकला. तो दावा कितपत टिकतो हा वंशशास्त्राचा प्रश्न झाला. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की जुनेपणाचा असा दाखला बलवानाकडे कोणी मागत नाही आणि दुबळ्याला मात्र तो पदोपदी दाखवावा लागतो.

वंशभेद, म्हणजे जन्म आणि वर्ण पाहून माणसाची प्रत ठरवण्याची रीत, देवासच्या दरबारात एका उलट्या रूपात दिसली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खासगी सचिव म्हणून काही महिने येथे राहिला; गोरा माणूस नोकर आणि हिंदी राजा धनी, असे हे नाते असले तरी खुद्द महाराजांवर इंग्रज सरकारची देखरेख होती. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ पॅसेज टू इंडिया' या त्याच्या कादंबरीत हिंदी मुसलमान डॉक्टर आणि इंग्रज शिक्षक यांची मैत्री अखेरीस तग धरत नाही, कारण दोघांच्या मनातील ओलाव्यापेक्षा दोघांमधील सत्तेची उतरंड भारी ठरते. हाच निकष दरबारी आश्रयालाही लावावा लागतो. उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा थोर गवई मराठी संस्थानात मानाने राहिला, हे भूषणावह खरेच, परंतु आश्रयदाता आणि आश्रित यांच्या संबंधाला ऐक्य म्हणणे हा शब्दाचा सैल वापर होय.

संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश हे नवे राज्य अस्तित्वात आले, आणि काल राज्य करणाऱ्यांची मराठी भाषा येथे भाषिक अल्पसंख्याकांची, म्हणजे राज्यातील बहुसंख्यांहून वेगळी मातृभाषा असणाऱ्यांची, भाषा ठरली. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद ३५०-क अशा समाजांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. देवासच्या मराठी घरांना हे कलम आपल्यासाठी आहे असे वाटत असेल तर ते रास्तच आहे. मात्र त्याच कलमाखाली या भागातील भिल्ल आदिवासींच्या भिली भाषेचा हक्क मराठीइतकाच, कदाचित अधिकच, निकडीचा आहे, कारण भिलीच्या पाठीशी ना दुसरे राज्य आहे, ना छापील वाङ्मयाची शतके, ना घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांच्या यादीत स्थान. २०११ च्या जनगणनेत धार जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. म्हणजे संख्येने बहुसंख्य असलेला समाज शाळेत, कचेरीत आणि बाजारात अल्पसंख्याकासारखा वागवला जाऊ शकतो. मराठीसाठी अर्ज करणाऱ्याने भिलीसाठीही सही केली नाही, तर तो हक्क मागत नसून जुनी पातीच मागत असतो.

येण्याजाण्याच्या या हिशेबात देवासचे सर्वांत प्रसिद्ध नाव कुमार गंधर्वांचे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी कन्नड घरात जन्मलेले आणि मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकलेले कुमारजी क्षयाने ग्रासले असता १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी येथे आले, आणि अंथरुणावर असताना कानी पडणारी माळवी लोकगीते त्यांच्या गायकीत उतरली. माळव्याच्या हवेने एका परक्याचे फुप्फुस वाचवले, हे गौरवाने सांगितले जाते. याच प्रदेशातून रोजगारासाठी बाहेर गेलेल्यांची गोष्ट तितक्या गौरवाने सांगितली जात नाही. धार, झाबुआ आणि अलीराजपूर जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा परिसरातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिस, म्हणजे दगडाची बारीक धूळ फुप्फुसात साचून होणारा असाध्य आजार, घेऊन परतले. मृत झालेल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला दिला. हा आजार अनेकदा क्षयच समजला जातो, आणि हजेरीपटावर नाव नसले की मजुराला आपण तेथे राबलो हे सिद्ध करणेही कठीण जाते. वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्नातकांपैकी कोणी उद्या धार जिल्ह्यातील कुक्षीच्या दवाखान्यात बसेल, तेव्हा खोकणाऱ्या रुग्णाला खोकला किती दिवसांचा आहे हे विचारून झाल्यावर त्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा: कामाला कोठे गेला होता, आणि तेथे दगड दळत होते काय?