जोडीदार पाहिजे, व्यायामाला!



मागच्या गणपतीत आरतीनंतर मी सतरंजीवरून उठायला गेलो आणि उठताच येईना. दोन पोरांनी काखेत हात घालून उभं केलं. सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही.

डॉक्टर म्हणाले, "चालता ते ठीक, पण मांड्यांत ताकद कुठाय?" पासष्टीनंतर आठवड्यातून किमान ३ दिवस ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. घरी येणाऱ्या ट्रेनरची फी ऐकली आणि माझ्यातला बँकवाला जागा झाला. दोघांत घेतलं तर निम्मी!

नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली. पहिले आले ते पंचेचाळिशीचे, त्यांना पोट उतरवायचं होतं. माझं उद्दिष्ट काय, तर हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं! जमेना. मग आले सी विंगमधले निवृत्त गुरुजी. पार्किंगवरून आमचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. एकच अट ठरली : जो न कळवता बुडवेल त्याने त्या दिवशीची दोघांची फी भरायची.

मध्यंतरी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वजन उचलायला बंदी. तरी गडी काळा चष्मा लावून यायचा आणि माझ्या उठाबशा मोठ्यानं मोजायचा. नऊला थांबलो की "अजून एक!"

आता सतरंजीवरून मी एकटा उठतो, एक हात गुडघ्यावर टेकून. पार्किंगचा वाद अजून मिटलेला नाही.